वाचकांचे प्रश्न : स्वतः बांधलेल्या बोटीचा विमा

नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी अशा जलाशयांच्या काठावर राहणाऱ्या वाचकांकडून या सदरासाठी आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार आला. बोट कारखान्यात तयार झालेली नाही, ती स्वतः किंवा गावातल्या कारागिराकडून बांधून घेतली आहे, आणि विमा कंपनी तिच्याकडे पाहायलाही तयार नाही, अशी ती तक्रार आहे. त्यांतली काही पत्रे संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी आणि माझ्या धाकट्या भावाने एका फायबर कारागिराच्या मदतीने सोळा फुटांची बोट बांधली आहे. सांगाडा मरीन प्लायवूडचा असून वरून फायबरग्लासचे थर दिले आहेत. इंजिन चाळीस हॉर्सपॉवरचे, जुने विकत घेतलेले आहे. साहित्यावर सुमारे साडेचार लाख रुपये खर्च झाले. विम्यासाठी दोन एजंटांना भेटलो. एकाने साफ नकार दिला आणि दुसऱ्याने घराच्या पॉलिसीत 'घरगुती सामान' म्हणून बोट दाखवण्याचा सल्ला दिला. आम्ही काय करावे?
— एक वाचक, पैठण

उत्तर : दुसऱ्या एजंटाचा सल्ला कृपया मानू नका. घराची पॉलिसी घरात असलेल्या वस्तूंसाठी असते आणि पाण्यावर चालणारे यंत्रचलित वाहन तिच्या कक्षेत येत नाही. उद्या बोट बुडाली तर दावा फेटाळला जाईलच, शिवाय बोटीचे खरे स्वरूप लपवल्याचा ठपका तुमच्यावर येईल. विम्याचा करार पूर्ण सद्‌भावावर उभा असतो. भारतीय सागरी विमा कायद्यात, म्हणजे 1963 च्या कायद्यात, हे तत्त्व स्पष्टपणे सांगितलेले आहे. विमा द्यावा की नाही आणि हप्ता किती घ्यावा हे ठरवताना कंपनीच्या दृष्टीने जी माहिती महत्त्वाची असते, ती मागितली नसली तरी सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्याची असते. बोट घरी बांधलेली आहे आणि इंजिन जुने आहे, ही तुमच्या बाबतीतली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे व ती अर्जाच्या पहिल्याच पानावर यायला हवी.

पहिल्या एजंटाने नकार का दिला, हेही समजून घ्या. तालुक्याच्या ठिकाणचा एजंट प्रामुख्याने मोटार, आरोग्य आणि पीक विम्याचे काम करतो. हौशी नौकांची पॉलिसी हा सागरी विम्याचा भाग असून ती प्रस्तावपत्रे प्रादेशिक किंवा मुख्य कार्यालयातील, बोटींचा विमा पाहणाऱ्या 'मरीन हल' विभागाकडे जातात. त्यामुळे शाखेतल्या माणसाचा तोंडी नकार हा कंपनीचा निर्णय धरू नये. लेखी प्रस्ताव द्या आणि तो मरीन हल विभागाकडे पाठवावा, अशी त्यातच विनंती करा. याहून चांगला मार्ग म्हणजे परवानाधारक विमा ब्रोकर गाठणे. एजंट कंपनीच्या वतीने काम करतो, तर ब्रोकर ग्राहकाच्या वतीने, आणि एकच प्रस्ताव तो अनेक कंपन्यांपुढे ठेवू शकतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये असे ब्रोकर नसल्यास पुणे-मुंबईचे ब्रोकर दूरध्वनीवर काम पाहतात.

आता मूळ अडचणीकडे वळू. कारखान्यात तयार झालेल्या बोटीवर सांगाड्याचा क्रमांक असतो, किती माणसे व किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी असते, बिल असते आणि बाजारात तशाच जुन्या बोटीला काय भाव येतो हेही माहीत असते. तुमच्या बोटीजवळ यांपैकी काहीच नाही. बोट मजबूत आहे का, तिची किंमत किती आणि ती नेमकी कोणाची, या तीन प्रश्नांना कंपनीजवळ उत्तर नसते, म्हणून ती मागे सरते. तुमचे काम कच्चे आहे असे तिने ठरवलेले नसते, ते पक्के आहे हे तिला दिसत नसते. तेव्हा ही तीन उत्तरे कागदावर तयार करणे हेच तुमचे खरे काम आहे, आणि ते झाले तर मार्ग निघतो.

किमतीपासून सुरुवात करू. प्लायवूड, रेझिन, काचेची मॅट, फोम, बोल्ट, रंग, स्टिअरिंग, इंधनाची टाकी या सगळ्यांची बिले तारखेनुसार लावून ठेवा. प्लायवूडच्या बिलावर 'आयएस 710' असा उल्लेख आहे का, ते पाहा. हे मरीन प्लायवूडचे भारतीय मानक आहे. फर्निचरसाठी वापरले जाणारे 'आयएस 303' चे प्लायवूड बोटीत असेल तर बोट तपासणारा सर्वेक्षक त्यावर आक्षेप घेणारच. जुन्या इंजिनाचे विक्रीपत्र, त्यावरील क्रमांक आणि तो क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र हवे. बांधणीच्या काळात मोबाईलवर काढलेले फोटो पुसले नसतील तर ते फार मोलाचे आहेत, कारण थर चढल्यानंतर आतले जोड कोणालाही दिसत नाहीत. स्वतःच्या मजुरीचे बिल नसते, तरी बोटीची किंमत केवळ साहित्याची नसते. तशीच बोट कारागिराकडून आज बांधून घ्यायची झाल्यास काय खर्च येईल, याचे लेखी अंदाजपत्रक घ्या. पॉलिसीवर 'मान्य मूल्य' लिहून घेण्याचा आग्रह धरा. असे मूल्य ठरलेले असेल तर बोट पूर्ण नष्ट झाल्यावर किमतीचा वाद उद्भवत नाही. साडेचार लाखांच्या साहित्याच्या बोटीचे मूल्य दहा लाख लिहून घेण्याचा मोह मात्र टाळावा.

मजबुतीचा पुरावा सर्वेक्षकाकडून येतो. विमा नियामकाचा परवाना असलेला आणि मरीन हल विषयातला सर्वेक्षक बोटीची स्थिती व मूल्य यांचा अहवाल देतो. तो बहुधा मुंबईहून येईल आणि त्याचे शुल्क व प्रवासखर्च तुम्हाला द्यावा लागेल, तरी हा खर्च वाया जात नाही. बोट पाण्याबाहेर, ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर ठेवून त्याला दाखवा. तो सर्वांत जास्त वेळ कुठे घालवतो, हे माहीत असलेले बरे. बोटीच्या मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगलेले असते, तिला कारागीर ट्रान्सम म्हणतात. सर्वेक्षक लहान प्लास्टिकच्या हातोडीने ती फळी इंचाइंचाने ठोकून पाहतो. लाकूड कोरडे आणि थर घट्ट असतील तर टणक, स्वच्छ आवाज येतो. आत पाणी शिरून प्लायवूड नरम झाले असेल तर आवाज बसका येतो. मग तो इंजिनाच्या बोल्टची भोके पाहतो. भोक पाडल्यानंतर त्याच्या आतल्या कडेला रेझिन लावले नसेल, तर पाणी नेमके तिथूनच प्लायवूडमध्ये झिरपते. घरी बांधलेल्या बोटींत हा दोष इतका सर्रास आढळतो की, सर्वेक्षणाआधी बोल्ट काढून तो दुरुस्त करून घ्यावा आणि दुरुस्तीचे फोटोही जोडावेत. याखेरीज इंधनाची नळी, बॅटरीची बांधणी, अग्निशामक, चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी आणि बोटीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी यासाठी भरलेला फोम, यांची तपासणी होते.

राहिली मालकी व नोंदणी. अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 हा कायदा जून 2022 पासून लागू झाला असून त्याने 1917 चा जुना कायदा रद्द केला. नदी, कालवा व जलाशयात चालणाऱ्या यंत्रचलित जलयानाचे सर्वेक्षण आणि नोंदणी या कायद्याखाली होते, बांधणी व मोठ्या फेरबदलासाठी आराखड्याची मंजुरी हाही त्याचा भाग आहे, आणि जलयानाच्या विम्याविषयी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. बांधणीपूर्वी आराखडा दाखवला असता तर काम सोपे झाले असते. आता बोट तयार आहे, तेव्हा एखाद्या नेव्हल आर्किटेक्टकडून, म्हणजे बोटींचे आराखडे करणाऱ्या तज्ज्ञाकडून, आहे त्या बोटीची मोजमापे घेऊन आरेखन करून घ्यावे आणि त्यासह बोर्डाकडे अर्ज करावा. ज्यांच्या बोटीचा अजून पहिला प्लायवूडही कापला गेलेला नाही, त्यांनी येथेच थांबून आधी आराखडा करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक गोष्ट खास पैठणकरांसाठी. जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. जलसंपदा विभागाची परवानगी मिळाली तरी वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी लागते. पॉलिसीत नौकानयनाचे क्षेत्र लिहिलेले असते आणि बेकायदा वापरात झालेल्या नुकसानीची भरपाई विमा देत नाही. परवानगी नसलेल्या पाण्यात उत्तम पॉलिसीही कामाची नाही. तुमच्या बाबतीत ही परवानगी मिळणे कठीण दिसत असेल, तर दुसऱ्या जलाशयाचा विचार विमा घेण्याआधीच करावा.

प्रश्न : मला हौशी नौकेची पॉलिसी मिळाली आहे, पण तिच्यासोबतची इंग्रजी कलमे वाचून काही उलगडा होत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी फार मागे जाते आणि बोट चार-पाच महिने शेडमध्ये असते. त्या काळाचा हप्ताही द्यावा लागतो का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : आपल्याकडच्या अनेक हौशी नौकांच्या पॉलिसी लंडनच्या विमा बाजारात 1985 साली तयार झालेल्या 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस' या कलमांवर आधारलेल्या असतात. तुमच्या पॉलिसीवर ते नाव आहे का, ते पाहा. असल्यास पुढील गोष्टी लागू होतात आणि मराठवाड्याच्या जलाशयांवर त्यांतल्या काहींचा संबंध रोजचाच आहे.

वर्षाचे दोन भाग करता येतात, एक बोट वापरात असण्याचा आणि दुसरा ती बाहेर काढून ठेवल्याचा. हे महिने पॉलिसीत आधीच लिहून घेतले तर हप्ता कमी ठरतो. फेब्रुवारी ते जून बोट शेडमध्ये असेल असे लिहून दिले आणि एप्रिलमध्ये पाहुण्यांना फिरवायला काढली, तर त्या फेरीला संरक्षण नाही, हे लक्षात ठेवावे. आवर्तन सुटल्यावर पाणी उतरते आणि काठाला बांधलेली बोट तिरकी होऊन गाळात बसते. अशा वेळी हळूहळू तडे गेले तर कंपनी त्याला झीज म्हणेल आणि झिजेची भरपाई मिळत नाही. म्हणून पाणी उतरू लागताच बोट बाहेर काढणे हाच उपाय आहे.

वेगाचे कलम सर्वांत महत्त्वाचे. बोटीचा कमाल वेग 17 नॉटहून, म्हणजे ताशी सुमारे 31 किलोमीटरहून, अधिक असेल तर स्पीडबोटीचे वेगळे कलम जोडावे लागते. सोळा फुटांच्या हलक्या बोटीला चाळीस हॉर्सपॉवरचे इंजिन असेल तर ती हा वेग सहज ओलांडते, त्यामुळे प्रस्तावात खरा वेग लिहा. स्पीडबोटीच्या कलमानुसार बोट धावत असताना मालक किंवा दुसरा सक्षम चालक बोटीवर असून ती त्याच्या ताब्यात असली पाहिजे, आणि उघड्या काठावर कोणी नसताना नांगरून ठेवलेली बोट बुडाली किंवा किनाऱ्याला लागली तर भरपाई नाही. याच कलमात आपल्याला विशेष जाचक ठरणारी अट आहे. रडर (सुकाणू), पंख्याचा दांडा किंवा पंखा यांचे नुकसान दुसरी बोट, धक्का किंवा जेट्टी यांच्याशी टक्कर होऊन झाले असेल तरच भरपाई मिळते. आपल्या जलाशयांच्या तळाशी जुनी गावे आहेत. एकट्या नाथसागरात शंभराहून अधिक गावे गेली. पाणी उतरल्यावर वाड्यांच्या भिंती, विहिरींची तोंडे आणि बाभळीची खोडे पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात आणि पंखा तिथेच तुटतो. या नुकसानीचा खर्च स्वतःच करावा लागेल, असे धरून चालावे, किंवा ही जोखीम जादा हप्ता देऊन समाविष्ट होते का, हे लेखी विचारावे.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले, इंजिन निसटून पाण्यात पडले तर त्याची भरपाई या कलमांत नाही. ते चोरीस गेले तर मिळते, पण नेहमीच्या पकडीखेरीज चोरीविरोधी कुलूप लावलेले असले पाहिजे. कुलूप घेतल्याचे बिल जपून ठेवा. इंजिनाचे अंशतः नुकसान झाल्यास 'जुन्याऐवजी नवे' म्हणून एक तृतीयांश रक्कम वजा होऊ शकते. आराखड्यातला किंवा बांधणीतला दोष दुरुस्त करण्याचा खर्चही मिळत नाही, आणि ज्यांची बोट घरी बांधलेली आहे त्यांच्यासाठी हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आपण बांधताना राहिलेली चूक सुधारण्याचे काम विमा कंपनी करणार नाही.

बोट ट्रेलरवर रस्त्याने नेताना झालेल्या नुकसानीबाबत पॉलिसीत स्पष्ट उल्लेख करून घ्या. ट्रेलरची मोटार वाहन कायद्याखालील नोंदणी ही वेगळी बाब असून गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर जोडल्याची नोंद असावी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे. मोटारसायकलचे जुने इंजिन आणि स्वतः तयार केलेला जेट पंप वापरून एका माणसाचा वॉटर स्कूटर बनवला आहे. त्याचा विमा मिळेल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमच्या कल्पकतेचे मनापासून कौतुक, आणि उत्तर मात्र स्पष्ट द्यायला हवे. आज त्या यंत्राच्या नुकसानीचा विमा मिळण्याची शक्यता फार थोडी आहे. कारखान्यात बनलेल्या वॉटर स्कूटरलाही अनेक कंपन्या कठोर अटींवरच स्वीकारतात, कारण वेग जास्त, वळण अचानक आणि थ्रॉटल सोडला की दिशा बदलण्याची ताकद जवळजवळ संपते. पाण्याचा झोत हाच त्याचा सुकाणू असल्यामुळे झोत थांबला की वळवणेही थांबते. नवशिके चालक समोर अडथळा दिसताच घाबरून थ्रॉटल सोडतात आणि सरळ त्यावरच जाऊन आदळतात. मूळचे रस्त्यासाठी बनलेले, हवेवर थंड होणारे इंजिन बंद सांगाड्यात बसवले असेल तर आगीचा धोकाही वाढतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी आराखडा एखाद्या नेव्हल आर्किटेक्टकडून तपासून घ्या. मुंबईत पवई येथे मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही 1975 साली स्थापन झालेली वर्गीकरण संस्था, म्हणजे जहाजांच्या बांधणीचे नियम ठरवून तपासणी करणारी संस्था, आहे. तिच्या नियमांचा अभ्यास केला तर साहित्य, स्थैर्य व अग्निसुरक्षा यांबाबत काय अपेक्षित असते, हे समजेल. चाचण्या बंदिस्त पाण्यात, महाविद्यालयाच्या लेखी परवानगीने आणि मनगटाला बांधलेल्या इंजिन बंद करणाऱ्या दोरीसह करा. गोदावरीच्या घाटावर, जिथे नांदेडला भाविक स्नानाला उतरतात, तिथे हे यंत्र कदापि उतरवू नका. या टप्प्यावर तुम्हाला खरी गरज आहे ती दोन गोष्टींची, दुसऱ्याला इजा झाल्यास जबाबदारी घेणारे संरक्षण आणि स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा. पहिल्यासाठी महाविद्यालयाच्या पॉलिसीत प्रकल्पाच्या चाचण्यांचा समावेश होऊ शकतो का, हे प्राचार्यांमार्फत विचारा. दुसरा घेताना साहसी खेळ वगळल्याची अट आहे का, हे आधी वाचा.

प्रश्न : परभणीजवळ माझा फायबरचा कारखाना आहे. पाण्याच्या टाक्यांबरोबर आता मागणीप्रमाणे लहान बोटीही बांधून देतो. ग्राहक इंजिन स्वतः आणतो. विमा काढणे हे ग्राहकाचे काम आहे ना?
— एक उद्योजक, परभणी

उत्तर : बोट ताब्यात दिल्यानंतरचा विमा ग्राहकाने काढावा, हे बरोबर. तेवढ्याने तुमची जबाबदारी मात्र संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष उत्पादनामुळे इजा झाली तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागते. ट्रान्सम तुटून माणूस बुडाला, तर ग्राहकाने इंजिन आणले होते हा बचाव अपुरा ठरेल. किती हॉर्सपॉवरचे इंजिन चालेल हे तुम्हीच सांगायला हवे होते, असे समोरचा वकील म्हणेल.

तेव्हा प्रत्येक बोटीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो सांगाड्यात दोन ठिकाणी, एकदा दिसेल असा आणि एकदा आतल्या बाजूला, फायबरच्या थराखाली बसवा. माणसे, वजन आणि इंजिनाची कमाल ताकद लिहिलेली धातूची पट्टी लावा. प्रत्येक बोटीची नोंदवही ठेवा. तिच्यात रेझिनचा बॅच क्रमांक, थरांची संख्या, कामाच्या तारखा आणि चाचणीचे फोटो असू द्या. हीच नोंदवही पुढे तुमच्या ग्राहकाला विमा मिळवून देईल, आणि ही सेवा तुम्ही दिली तर आमच्या पहिल्या पत्रलेखकासारखी वणवण कोणाला करावी लागणार नाही. स्वतःसाठी उत्पादन दायित्वाची पॉलिसी घ्या. बांधणी सुरू असताना आग लागण्याचा धोका रेझिनमुळे मोठा असतो, म्हणून कारखान्याच्या आगीच्या पॉलिसीत बोट बांधणीचा व्यवसाय स्पष्ट लिहिलेला आहे का, ते आजच तपासा. पॉलिसीत 'टाक्यांचे उत्पादन' एवढेच असेल तर दाव्याच्या वेळी अडचण येईल.

प्रश्न : आमचे कृषी पर्यटन केंद्र आहे. घरच्या वापरासाठी बांधलेल्या बोटीतून पाहुण्यांना मोफत फेरी मारून आणली तर चालेल ना? बोटीला हौशी पॉलिसी आहे.
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : चालणार नाही. हौशी नौकेची पॉलिसी केवळ खासगी आनंदासाठीच्या वापराला लागू असते. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर झाला तर ती लागू होत नाही. मुक्कामाचे पैसे घेऊन दिलेली 'मोफत' फेरी ही मोबदल्याचाच भाग आहे, असा अर्थ कंपनी लावेल आणि तो न्याय्यही ठरेल.

येथे बोटीच्या किमतीचा विचार दुय्यम आहे. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून शाळकरी मुले व शिक्षिका मिळून 14 जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उजनी तुमच्यापासून दूर नाही, आणि मे महिन्यात दुपारनंतर अचानक सुटणारा वावटळीचा वारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पाहुणे न्यायचे असतील तर प्रवासी जलयान म्हणून सर्वेक्षण व नोंदणी, प्रमाणित चालक, प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट आणि प्रवाशांच्या मृत्यू-इजेचे दायित्व घेणारी व्यावसायिक पॉलिसी, हे सारे आधी हवे. लाईफ जॅकेट बोटीत ठेवून भागत नाही, ते काठावरच अंगात घालून पट्टे आवळले पाहिजेत. हे सर्व पूर्ण होईपर्यंत फेऱ्या बंद ठेवा.

प्रश्न : आम्ही येलदरीत मासेमारी करतो. होडी गावातच बांधलेली, वल्ह्यांवर चालणारी आहे. आमच्यासाठी काय?
— मच्छीमार संस्थेचे एक सदस्य, हिंगोली जिल्हा

उत्तर : होडीपेक्षा आधी माणसांचा विमा पाहा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि अपघातानंतरच्या रुग्णालय खर्चासाठी पंचवीस हजार अशी त्यात तरतूद आहे. हप्ता सरकार भरते. संस्थेच्या सर्व सदस्यांची नावे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदली आहेत का, याची खात्री करा. याशिवाय बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने घ्यावी, तिच्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख मिळतात. होडीला पुढे इंजिन बसवणार असाल तर ती यंत्रचलित जलयान ठरते आणि पहिल्या उत्तरातील नोंदणीचे सर्व नियम लागू होतात.

प्रश्न : माझ्या बांधून घेतलेल्या बोटीला पॉलिसी होती. मध्यंतरी तीस हॉर्सपॉवरऐवजी साठचे इंजिन बसवले, कंपनीला कळवायचे राहून गेले. वादळात काठाला बांधलेली बोट खडकावर आदळून फुटली. इंजिन बंद होते, तरी कंपनीने इंजिन बदलल्याचे कारण देऊन दावा फेटाळला. हे योग्य आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : कळवायला हवे होते, यात शंका नाही. दुप्पट ताकदीचे इंजिन म्हणजे वाढलेला वेग, वाढलेले वजन आणि बदललेली जोखीम. सांगाडा ज्या इंजिनासाठी तपासला होता, ते इंजिन आता राहिलेले नाही. पॉलिसीत ठरावीक इंजिनाची किंवा वेगाची हमी, म्हणजे तुम्ही पाळायचीच अशी अट, लिहिलेली असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे, कारण सागरी विम्यात हमीचे पालन काटेकोरपणे व्हावे लागते. मात्र इंजिनाचा उल्लेख केवळ वर्णनात असेल आणि हमी म्हणून नसेल, तर नुकसानीशी बदलाचा संबंध काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बोट बांधलेली होती, इंजिन बंद होते आणि ती वाऱ्याने आदळली. त्यामुळे पहिले काम म्हणजे पॉलिसीचे तपशिलाचे पान (शेड्यूल) आणि हमींचे पान शांतपणे वाचणे. अधिक वजनामुळे मागची बाजू खाली बसून पाणी आत आले, असे सर्वेक्षकाने म्हटले आहे का, हेही पाहावे लागेल, म्हणून त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. नियामकाच्या बिमा भरोसा या ऑनलाइन व्यवस्थेवरही ती नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा आणि लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. निवाडा मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो, पण एकच तक्रार एकाच वेळी दोन्हीकडे चालवता येत नाही.

अर्जासोबत वादळाच्या दिवसाच्या वर्तमानपत्रातील बातम्या, महसूल किंवा पोलीस पंचनामा असल्यास त्याची प्रत, बोट बांधलेल्या दोराचे व खडकावरील खुणांचे फोटो जोडा. फुटलेला सांगाडा विकू किंवा जाळू नका. लोकपालांसमोर सुनावणी होईपर्यंत तो जसा आहे तसाच, शक्य तर ताडपत्रीखाली, ठेवावा.